टॉरिक कॉन्टॅक्ट लेन्सची ट्रायल : आठवडाभरात नेमके काय तपासून घ्यावे?

कातळफूल

नमस्कार. माझ्या दोन्ही डोळ्यांना सिलिंडरचा नंबर आहे. उजव्या डोळ्याला उणे २.२५, त्यावर सिलिंडर उणे १.७५ आणि अक्ष, म्हणजे सिलिंडरच्या दिशेचे अंश, १८०. डाव्या डोळ्याला उणे २.००, सिलिंडर उणे १.२५ आणि अक्ष १०. शाळेत असल्यापासून चष्मा वापरते आहे आणि त्याबद्दल माझी फारशी तक्रार नव्हती. परंतु आता नोकरीनिमित्त रोज दुचाकीने धोपाव्याला येऊन फेरीबोटीने दाभोळला जावे लागते. पावसाळ्यात हेल्मेटच्या काचेआड चष्म्यावर वाफ धरते, आणि एरवी खाडीवरच्या वाऱ्याने काचांवर खारट पापुद्रा बसतो, जो ओढणीने पुसला की काच आणखीच धूसर होते.

चिपळूणला डोळे तपासून घेतले तेव्हा तिथल्या ऑप्टोमेट्रिस्टनी, म्हणजे नंबर तपासून लेन्स बसवून देणाऱ्यांनी, टॉरिक, म्हणजे सिलिंडरच्या नंबरासाठीच्या लेन्सची ट्रायल सुचवली. सिलिकॉन हायड्रोजेल या हवा जाऊ देणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या, महिनाभर वापरायच्या लेन्सची एक जोडी ते आठवड्यासाठी देणार आहेत. त्यानंतर ऑर्डर द्यायची की नाही हे मी ठरवायचे आहे.

माझा प्रश्न असा, की या आठवड्यात मी नेमके काय पाहावे? खुर्चीत बसून तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली म्हणजे लेन्स योग्य ठरली, एवढ्यावर विसंबायला माझे मन तयार नाही. साधा नंबर असलेल्या मैत्रिणींचे अनुभव मी ऐकले आहेत. मला सिलिंडरवाल्यांचे अनुभव हवे आहेत, आणि शक्यतो आपल्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांचे.

उकडा तांदूळ

सिलिंडर असलेल्या माणसाला चष्म्याइतके स्थिर दुसरे काही मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. चष्म्याची काच फ्रेममध्ये घट्ट बसवलेली असते, त्यामुळे तिचा अक्ष हलत नाही. लेन्स मात्र अश्रूंच्या थरावर तरंगत असते. जी वस्तू तरंगते तिच्यावर अक्षाचा भरवसा कसा ठेवायचा, हे कोणी समजावून सांगितले तर मी मत बदलायला तयार आहे.

सहा बाय सहा

उकडा तांदूळ यांनी मुळावरच बोट ठेवले आहे. टॉरिक लेन्सची सगळी परीक्षा याच एका शंकेभोवती फिरते. मी रत्नागिरीत ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

सिलिंडरचा नंबर असलेल्या डोळ्याचा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, बहुधा सगळ्या दिशांना सारखा गोल नसतो. एका दिशेला त्याचा बाक जास्त असतो आणि तिच्याशी काटकोनातल्या दिशेला कमी असतो, म्हणून डोळ्यात शिरलेले किरण एका बिंदूत एकत्र येत नाहीत. जॉर्ज बिडेल एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८२५ च्या सुमारास स्वतःच्या डोळ्यासाठी सिलिंडरची काच घडवून घेतली, तेव्हापासून उपाय तोच आहे : ज्या दिशेला जेवढी उणीव आहे, त्याच दिशेला तेवढी शक्ती द्यायची. साधी मऊ लेन्स कॉर्नियाचा आकार जसाच्या तसा घेते, त्यामुळे तिने सिलिंडर जात नाही. टॉरिक लेन्सच्या दोन दिशांना दोन वेगळ्या शक्ती असतात, आणि म्हणूनच तिला डोळ्यात हवे तसे फिरू देता येत नाही.

फिरणे रोखण्यासाठी काही लेन्स खालच्या बाजूला किंचित जाड केलेल्या असतात, तर काहींत वर आणि खाली पातळ पट्टे ठेवून मधल्या दोन बाजू जाड ठेवलेल्या असतात. जड भाग वजनामुळे खाली राहतो अशी पुष्कळांची समजूत असते; प्रत्यक्षात मुख्य काम पापण्या करतात. उघडझाप होताना पापणी जाड भागावर दाब देते, आणि फणसाची ओली आठळी चिमटीतून निसटावी तसा तो भाग पापणीखालून निसटून आपल्या जागी जातो. म्हणून लेन्स तरंगत असली तरी तिला ठरलेली जागा असते. पापण्यांची घट्टपणाची तऱ्हा आणि डोळ्याची उघडीप माणसागणिक वेगळी असल्यामुळे एकाच्या डोळ्यात उत्तम बसलेली घडण दुसऱ्याच्या डोळ्यात बसेलच असे नाही, आणि ट्रायलची गरज त्यासाठीच आहे.

फिरण्याची किंमत किती, तेही सांगतो. लेन्स १० अंशांनी फिरली तर सिलिंडरच्या सुमारे एक तृतीयांश नंबर दुरुस्त न होता उरतो. कातळफूल ताईंच्या उजव्या डोळ्यात तो सुमारे ०.६० होईल. ३० अंशांनी फिरली तर उरलेला नंबर मूळ सिलिंडरइतकाच, म्हणजे पूर्ण १.७५ होतो, फक्त त्याची दिशा बदललेली असते. म्हणजे लेन्स घालूनही सिलिंडरच्या बाबतीत काहीच पदरात पडत नाही.

कातळफूल

मनापासून आभार. मग लेन्स फिरली आहे की नाही, हे मला कसे कळणार? आरशात पाहिले तर काही दिसत नाही, असे मैत्रीण म्हणाली.

सहा बाय सहा

घरच्या आरशात ते दिसत नाही आणि आरशात डावे-उजवे उलटे होत असल्यामुळे तिथे अंदाज बांधूही नये. टॉरिक लेन्सवर बारीक खुणा कोरलेल्या असतात. काहींवर घड्याळातल्या सहाच्या जागी, काहींवर तीन आणि नऊच्या जागी. त्या स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, दिसतात. लेन्स घातल्यावर पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्यावीत, म्हणजे सुरुवातीचे पाणी ओसरते आणि लेन्स स्थिरावते. मग खूण पाहावी.

खूण थोडी सरकून बसली म्हणजे लेन्स वाया गेली, असे नाही. उजव्या डोळ्याचा तुमचा अक्ष १८० आहे. समजा, खालची खूण तपासणाऱ्याच्या डाव्या हाताला १० अंश सरकून बसली आणि प्रत्येक वेळी तिथेच बसते आहे, तर ते १० अंश मिळवतात. १८० नंतर मोजणी पुन्हा सुरू होत असल्यामुळे अक्ष १० ची लेन्स मागवली जाते. तीच खूण त्यांच्या उजव्या हाताला सरकली तर वजा करून १७० ची मागवतात. मात्र जी लेन्स दर उघडझापीला वेगळ्या जागी जाते ती कुठल्याही अक्षाची मागवली तरी कामाची नाही. तिथे घडणच बदलावी लागते.

म्हणून ताई, खुर्चीवरून उठण्यापूर्वी त्यांना निःसंकोच विचारा, की खूण कुठे बसली आहे, आणि मुद्दाम बाजूला फिरवली तर ती परत जागेवर यायला किती वेळ लागतो. चांगला तपासणारा या प्रश्नाने खूशच होईल.

अबोली

जास्त नंबर असलेल्यांसाठी एक गोष्ट सांगते, कारण माझ्या घरी यावरून बरीच घबराट झाली होती. माझा चष्मा उणे ६.०० आणि सिलिंडर उणे २.०० असा आहे, आणि लेन्सच्या पाकिटावर उणे ५.५० व सिलिंडर उणे १.७५ असे लिहून आले. आईला वाटले की चुकीची लेन्स दिली. परंतु चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असतो आणि लेन्स डोळ्यालाच चिकटलेली असते, त्यामुळे ४.०० च्या पुढच्या उणे नंबरात लेन्सचा आकडा चष्म्यापेक्षा कमी येतो, आणि त्याबरोबर सिलिंडरही कमी होते. कातळफूल, तुमच्या नंबरात हा फरक नगण्य आहे.

सहा बाय सहा

अबोली ताईंचे हिशेब बरोबर आहेत. त्याला जोडून आणखी एक सांगतो. महिनाभराच्या मऊ टॉरिक लेन्समध्ये सिलिंडर बहुधा ०.७५, १.२५, १.७५, २.२५ अशा पायऱ्यांनी आणि अक्ष १० अंशांच्या पायऱ्यांनी मिळतो. चष्म्यात १.५० असेल तर लेन्स सहसा १.२५ ची देतात. शिवाय लहान गावांतल्या दुकानांत ट्रायलचा संच अपुरा असतो, त्यामुळे ट्रायलला जवळपासच्या नंबराची लेन्स देऊन मूळ नंबराची कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईहून मागवतात. असे झाले, तर ट्रायलवर नजर किंचित अस्पष्ट राहील आणि तो दोष लेन्सच्या घडणीचा नसेल. आपल्याला दिलेली जोडी अचूक नंबराची आहे की जवळपासची, हे आधी विचारून ठेवा. आणि जवळपासची असेल तर मागवलेली लेन्स आल्यावर पुन्हा स्लिट लॅम्पखाली तपासून घ्या.

हर्णैचा वारा

आमच्या घरी मासेमारीचा व्यवसाय आहे, म्हणून किनाऱ्यावरचा अनुभव लिहितो. माझ्या धाकट्या भावाला दोन्ही डोळ्यांना सिलिंडर आहे. त्याची ट्रायल बंदीच्या काळात, म्हणजे १ जून ते ३१ जुलै या दरम्यान झाली. बोटी बंदरात शाकारून ठेवलेल्या, तो घरी जाळी विणत बसलेला, हवेत दमटपणा भरपूर. लेन्स इतकी उत्तम वाटली की त्याने लगेच जोडी मागवली. ऑगस्टमध्ये बोट बाहेर पडली आणि चित्र पालटले. जाळे ओढताना मान एका बाजूला, नजर दुसऱ्या बाजूला, समोरून सतत वारा, आणि डोळे किलकिले केलेले. लेन्स सुकायची, सरकायची आणि डोळा चोळायला हात जावा तर हाताला मीठ, माशाची बुळबुळ आणि डिझेल. आता तो लेन्स फक्त जमिनीवर वापरतो आणि समुद्रावर दोरी बांधलेला चष्मा लावतो.

कातळफूल ताई, यातून एवढेच सुचवावेसे वाटते, की ज्या परिस्थितीसाठी लेन्स हवी आहे त्याच परिस्थितीत ट्रायल व्हायला हवी. फेरीबोटीच्या कठड्याजवळ वाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहा, बाजूला न वळता नुसती नजर डावी-उजवीकडे न्या आणि पलीकडच्या धक्क्यावरची पाटी वाचता येते का, ते पाहा. दुचाकीवर आरशात पाहून लगेच समोर पाहा. अक्षर क्षणभर पसरून पुन्हा जुळत असेल, तर लेन्स नजरेबरोबर फिरते आहे.

ओले काजूगर

वरच्या प्रतिसादातली हाताची गोष्ट फार महत्त्वाची आहे. आमच्याकडे सावंतवाडीला हंगामात ओले काजूगर सोलायचे काम घरोघर चालते. त्या चिकाने कातडी सोलवटते, आणि साबणाने हात धुतला तरी नखांच्या कडेला तो राहतो. काजू सोलण्याच्या किंवा मिरच्या कुटण्याच्या दिवशी मी लेन्स घालतच नाही. ज्यांना घालायचीच असेल त्यांनी सकाळी काम सुरू होण्यापूर्वी घालावी. पण संध्याकाळी ती काढायलाही तीच बोटे लागतात, हे ध्यानात ठेवावे.

एक शंका आहे. लेन्स धुवायचे आणि ठेवायचे सोल्यूशन संपले आणि दुकान दूर असेल तर आमच्या विहिरीचे पाणी उकळून गार करून वापरले तर चालेल का? पाणी अगदी स्वच्छ आहे आणि ग्रामपंचायत त्यात नियमित टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकते.

सहा बाय सहा

चालणार नाही, आणि या बाबतीत मी कुणालाही कसलीच सवलत देत नाही.

विहिरीच्या, तळ्याच्या, नळाच्याही पाण्यात अकॅन्थअमिबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. पोटात गेला तर सहसा काही होत नाही, म्हणून पिण्यासाठी पाणी स्वच्छ असणे आणि लेन्ससाठी योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेन्सखाली अडकला आणि कॉर्नियावर बारीकसा ओरखडा असला, की तो आत शिरतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की हा जीव स्वतःभोवती कवच करून घेतो, आणि त्या कवचातल्या अवस्थेवर टीसीएलच्या नेहमीच्या मात्रेतल्या क्लोरीनचा परिणाम होत नाही. या संसर्गाचे उपचार कित्येक महिने चालतात, वेदना भयंकर असतात आणि कधी कधी कॉर्निया बदलण्यापर्यंत वेळ येते. उकळलेल्या पाण्याने तो जीव मरेलही, पण तेच पाणी गार करताना, भांड्यात ओतताना, डबीत घालताना पुन्हा दूषित होते. शिवाय साध्या पाण्यात अश्रूंइतके क्षार नसल्यामुळे मऊ लेन्स फुगते आणि डोळ्याला घट्ट बसते.

सोल्यूशन संपले तर लेन्स फेकून द्यावी आणि चष्मा लावावा. डबीतल्या जुन्या सोल्यूशनमध्ये नवे मिसळू नये. रोज पूर्ण ओतून टाकावे. डबी सोल्यूशननेच विसळून, स्वच्छ टिश्यूने पुसून, पालथी घालून सुकवावी आणि साधारण तीन महिन्यांनी बदलावी. आपल्याकडे पावसाळ्यात न्हाणीघरात ठेवलेल्या कुठल्याही वस्तूवर बुरशी धरते, तेव्हा डबी तिथे ठेवूच नये. २००६ मध्ये जगभर अनेक लेन्सधारकांना फ्युझेरियम नावाच्या बुरशीचा संसर्ग झाला होता आणि त्याचा संबंध एका सोल्यूशनशी जोडला गेल्यावर ते बाजारातून काढून घेण्यात आले. बुरशी आणि लेन्स यांचे नाते असे आहे.

आणि अंघोळ आधी, लेन्स नंतर.

पाणबुडा

सहा बाय सहा काकांचा आदर ठेवून थोडी असहमती नोंदवतो. मी तारकर्लीला पर्यटकांना समुद्राखाली नेतो. मऊ लेन्स घालून मुखवटा लावणारे पाणबुडे जगभर आहेत आणि मुखवटा नीट बसला तर डोळ्याला पाणी लागत नाही. सिलिंडर असलेल्या माणसाला तर पाण्याखाली दुसरा चांगला पर्यायही नाही, कारण नंबरच्या काचा बसवलेले तयार मुखवटे बहुतेक साध्या नंबरातच मिळतात. मग पाण्याला इतके घाबरून कसे चालेल?

सहा बाय सहा

पाणबुडा, तुमचे म्हणणे अनुभवाचे आहे, म्हणून नीट उत्तर देतो. मुखवटा कोरडा राहिला तर धोका कमी, हे मान्य. परंतु मुखवट्यात पाणी शिरल्यावर ते कसे बाहेर काढायचे, हा तुमच्याच शिकवणुकीचा पहिला धडा असतो, म्हणजे पाणी शिरणार हे गृहीतच धरलेले आहे. ज्यांना घालायचीच असेल त्यांनी एक दिवस वापरून टाकायची टॉरिक लेन्स घालावी आणि वर आल्याबरोबर ती टाकून द्यावी. ती जोडी डबीत ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा घालण्याला माझा विरोध आहे.

साध्या नंबरच्या मुखवट्याने अगदीच भागत नाही असे नाही. सिलिंडरचा अर्धा भाग मूळ नंबरात मिळवायचा असतो. कातळफूल ताईंच्या उजव्या डोळ्याला त्या हिशेबाने सुमारे उणे ३.०० आणि डाव्याला सुमारे उणे २.५० येईल. कडा थोड्या पसरट दिसतील, पण पोवळी आणि मासे पाहायला तेवढे पुरते.

पाणबुडा

एक दिवसाच्या लेन्सचा मुद्दा पटला. आमच्याकडे येणाऱ्यांना यापुढे तसेच सांगेन.

पोफळीची सावली

मी आई म्हणून लिहिते आहे. माझ्या मुलाचा सिलिंडरचा नंबर दर तपासणीला वाढत होता आणि अक्षही बदलत होता. टॉरिक लेन्सच्या ट्रायल झाल्या, पण कुठल्याच लेन्सने शेवटची ओळ स्वच्छ दिसेना. शेवटी कॉर्नियाचा नकाशा काढणारी तपासणी, म्हणजे टोपोग्राफी केली, तेव्हा केराटोकोनस असल्याचे कळले. या विकारात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो आणि डोळे जोरजोराने चोळण्याच्या सवयीशी त्याचा संबंध असतो.

अशा डोळ्यांना मऊ टॉरिक बहुधा पुरत नाही. आता त्याला कडक, हवा जाऊ देणारी लेन्स दिली आहे. ती स्वतःचा गोल आकार सोडत नाही आणि तिच्यामागची पोकळी अश्रूंनी भरून निघते, त्यामुळे कॉर्नियाचा वेडावाकडेपणा झाकला जातो. तिची ट्रायल पाहण्यासारखी होती : डोळ्यात नारिंगी रंगाचा थेंब टाकला, निळा प्रकाश लावला, आणि लेन्सखाली जिथे अश्रू जास्त तिथे गडद हिरवे, जिथे लेन्स टेकते तिथे काळे दिसू लागले. त्या हिरव्या-काळ्याच्या मांडणीवरून डॉक्टर लेन्सचा बाक बदलत गेले. सवय व्हायला वेळ लागला, पण फळ्यावरचे आता त्याला वाचता येते.

ज्यांच्या मुलांचा सिलिंडर भराभर बदलतो आहे त्यांनी लेन्सची घाई करण्यापूर्वी टोपोग्राफी अवश्य करून घ्यावी, एवढीच कळकळीची विनंती आहे.

रंगपट

मी दशावतारात काम करतो. रंगमंचावर चष्मा चालत नाही, आणि युद्धाच्या प्रसंगात समोरच्याची तलवार कुठून येते आहे हे दिसणे अत्यावश्यक असते. त्यामुळे माझ्यासाठी ही चैनीची गोष्ट नाही.

आम्ही आपला रंग स्वतःच लावतो. लेन्स रंगाच्या आधी, स्वच्छ हातांनी घालायची. पेटाऱ्यावर आरसा टेकवून एकदा रंगाला हात लावला की मग डोळ्याला बोट लावायचे नाही. काजळ पापणीच्या बाहेरच्या कडेलाच लावतो. नाटक पहाटे संपते, आणि तेव्हा कितीही थकवा असला तरी आधी लेन्स काढायची आणि मगच खोबरेल तेलाने रंग उतरवायचा, कारण तेलाचा हात लेन्सला लागला की तिच्यावर आलेली धूसरता जात नाही. बसमध्ये झोप लागणार हे ठाऊक असते, म्हणून लेन्स घालून बसमध्ये चढत नाही.

ट्रायलच्या वेळी मी ऑप्टोमेट्रिस्टना गिरकी घेऊन दाखवली आणि लगेच खूण पाहायला सांगितली. पहिल्या घडणीची लेन्स सावकाश परत येत होती. दुसरी दोन-चार उघडझापींत जागेवर आली, आणि तीच घेतली.

शून्य अंश

माझे काम औषधांच्या चाचण्यांच्या नोंदी ठेवण्याचे आहे. नव्या लेन्स बाजारात येण्यापूर्वी त्यांच्या ज्या संशोधन-चाचण्या होतात, त्यांतल्या काही पद्धती घरच्या ट्रायललाही लावता येतील. भारतात अशा चाचण्यांची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडिया येथे होते, जी २००७ मध्ये सुरू झाली. कुणी नव्या लेन्सच्या संशोधनासाठी बोलावले तर तिथली नोंदणी आणि लेखी संमतिपत्र मागण्याचा आपल्याला हक्क आहे. कातळफूल यांची ट्रायल तशी नाही, ती केवळ बसवून पाहण्याची आहे.

चाचण्यांत सहसा लेन्स घातल्यावर, दुपारी आणि काढण्यापूर्वी अशा वेगवेगळ्या वेळी नोंद घेतात, कारण पहिल्या तासाचा आराम संध्याकाळपर्यंत टिकेलच असे नाही. तुलनेसाठी त्याच माणसाला आधी एक आणि मग दुसरी लेन्स देतात, आणि शक्य तिथे कुठली लेन्स कुठली हे त्याला कळू देत नाहीत, म्हणजे महागडी लेन्स चांगलीच वाटणार, हा ग्रह आड येत नाही. शिवाय पांढऱ्यावर ठळक काळी अक्षरे वाचणे सोपे असते, म्हणून फिकट अक्षरांचा तक्ताही वाचायला देतात. घरी त्याची जागा तिन्हीसांजेची वेळ घेते. अंधारू लागले की बाहुली मोठी होते आणि उरलेला सिलिंडर उघडा पडतो. महामार्गावर समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्याला एकाच दिशेने शेपूट फुटलेले दिसले, तर ते कोणत्या डोळ्याला दिसते हे एकेक डोळा झाकून पाहा. मात्र गाडी थांबवून.

उकडा तांदूळ

सहा बाय सहा यांनी पापण्यांचे कार्य समजावल्यावर माझी मूळ शंका फिटली, हे नमूद करतो. तरीही शेतीत काम करणाऱ्यांसाठी एक मुद्दा मांडतो. भाताची मळणी करताना उडालेले कुसळ किंवा पात्याची धार डोळ्याला लागून बुरशीचा संसर्ग होण्याचे प्रकार आपल्या देशात पुष्कळ आहेत, लेन्स न वापरणाऱ्यांतही. लेन्स असेल तर कुसळ तिच्याखाली अडकून राहते. आंब्याच्या फवारणीतही मऊ लेन्स औषधाचा अंश शोषून डोळ्याशी धरून ठेवू शकते. या दोन्ही कामांना चष्मा, आणि फवारणीला त्यावर बंद गॉगल असावा. म्हणजे चष्मा सुटत नाही; तो ताज्या नंबराचा करून ठेवावाच लागतो.

अबोली

उकडा तांदूळ यांना अनुमोदन. त्यात भर एवढीच, की डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा नजर मंदावली, तर लेन्स काढावी, गुलाबपाणी, मध किंवा औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले थेंब यांपैकी काहीही घालू नये, आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. स्टेरॉइड असलेल्या थेंबांनी लाली उतरते आणि आतला संसर्ग मात्र वाढतो. जाताना काढलेली लेन्स आणि डबी सोबत न्यावी, कारण त्यांतून तपासणीसाठी नमुना घेता येतो.

कातळफूल

ट्रायल पूर्ण झाली, म्हणून सगळ्यांना कळवते आहे.

पहिल्या दिवशी चार तास आणि मग रोज थोडे वाढवत गेले. सहा बाय सहा काकांनी सांगितलेले प्रश्न विचारले, तेव्हा ऑप्टोमेट्रिस्टनी स्लिट लॅम्पचा फोटो पडद्यावर दाखवून खूण समजावली. उजव्या डोळ्यातली लेन्स त्यांच्या डाव्या हाताला सरकून बसत होती, पण प्रत्येक वेळी त्याच जागी, त्यामुळे अक्ष १० ची लेन्स मागवायचे ठरले. डाव्या डोळ्याचे मात्र वेगळे झाले. खुर्चीत नजर स्वच्छ होती. फेरीबोटीवर हर्णैचा वारा यांनी सांगितले तशी बाजूला नजर नेली की धक्क्यावरच्या पाटीची अक्षरे पसरत होती, आणि घरी कुशीवर आडवी होऊन फोन पाहिला की तेच होत होते. शून्य अंश यांच्या सूचनेप्रमाणे लिहिलेल्या नोंदींत हे फक्त डाव्या डोळ्यापुढे वारंवार आले. वही दाखवल्यावर त्यांनी डाव्या डोळ्यासाठी वेगळ्या घडणीची लेन्स ट्रायलला मागवली आहे. वाऱ्याने येणारा कोरडेपणा अपेक्षेपेक्षा कमी होता. हेल्मेटची काच खाली ओढली की डोळ्यांना त्रास होत नव्हता. शाळेत संगणकावर गुण भरताना मात्र दुपारनंतर डोळे चरचरत होते.

दोन डोळ्यांत दोन वेगळ्या घडणीच्या लेन्स वापरायला काही हरकत आहे का?

सहा बाय सहा

काहीच हरकत नाही, पुष्कळांना तसेच द्यावे लागते. फक्त दोन्ही लेन्सचा बदलण्याचा कालावधी सारखा ठेवा. एक पंधरा दिवसांची आणि एक महिन्याची असली की घोटाळा होतो. महिना हा पाकीट फोडल्यापासून मोजायचा, घातलेल्या दिवसांवरून नाही. संगणकावर पापण्यांची उघडझाप कमी होते, म्हणून लेन्स सुकते आणि टॉरिकला जागेवर आणणारा पापणीचा दाबही कमी मिळतो. मधूनमधून जाणीवपूर्वक डोळे पूर्ण मिटा. डाव्या डोळ्याची नवी लेन्स तपासायला जाताना ती काही तास घालूनच जा, म्हणजे खूण दिवसाच्या मध्यावर कुठे असते ते त्यांना दिसेल.

आणि जोडी आली की पाकीट फोडण्यापूर्वी नंबर, सिलिंडर, अक्ष आणि वापराची अंतिम तारीख कागदाशी जुळवून पाहा. तुमच्या बाबतीत हे विशेष सांगतो, कारण आता उजव्या लेन्सच्या पाकिटावर अक्ष १० लिहिलेला असेल आणि चष्म्याच्या कागदावर अक्ष १० डाव्या डोळ्यासमोर आहे. फोडलेले पाकीट दुकानदार सहसा परत घेत नाहीत.

कातळफूल

हे माझ्या लक्षात आले नसते. पाकिटांवर उजवा आणि डावा असे पेनने लिहून घेते, आणि लेन्सच्या नंबराचा वेगळा कागद त्यांच्याकडून मागून घेते.